ओहोटीत मूल घेत नाही

माझ्या नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्यातल्या धाकटीचा फोन आला. तिची बाळंतपणाची रजा संपत आली आहे आणि बाळाला ठेवायला मनासारखी जागा मिळत नाही. एका पाळणाघरात भिंतींना कॅमेरे आहेत म्हणे. ऑफिसात बसून बाळ काय करतंय ते बघता येतं. दुसरीकडे बाळ जन्मायच्या आधीच नाव नोंदवावं लागतं. तिसऱ्या ठिकाणी सगळं उत्तम, पण तिथल्या बाई हसत नाहीत. एवढं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "आजी, तू आईला कुठं ठेवत होतीस?"

मी म्हटलं, "एका तांडेलाकडे."

ती म्हणाली, "हे पाळणाघराचं नाव होतं का?"

फोनवर ते समजावणं मला जमलं नाही, म्हणून लिहून काढते आहे. आयुष्यभर मुलींना शिकवलं, की निबंधाला आरंभ, मध्य आणि शेवट हवा. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते गृहस्थ कुठल्याच समासात मावणारे नव्हते. थोडं मागंपुढं होईल, चालवून घ्या.

तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा म्होरक्या. खलाशी त्याच्या शब्दावर चालतात. आमचे तांडेल पाचूबंदरचे, वसईच्या किल्ल्याच्या पलीकडचे, ख्रिस्ती कोळी. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा त्यांचं समुद्रावर जाणं थांबलं होतं. गुडघे गेले होते. डोक्याला लाल टोपी, कमरेला चौकड्यांचा रुमाल, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस. बसलेले असत ते पडवीत, पाय लांब पसरून, मांडीवर फाटलं जाळं घेऊन. आवाज असा, की जणू अजूनही प्रत्येक माणूस त्यांच्यापासून दोन होड्या दूर उभा आहे.

आता मी तिथवर कशी पोचले ते सांगते.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. आम्ही वसई गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. तुमचे आजोबा मुंबईला कचेरीत. ते उजाडता जात आणि दिवेलागणीला येत. माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, आणि माझी आई दूर नागपूरला. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, पण माझी जागा हंगामी होती. तुमची आई झाली त्यानंतर आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, मला भेटायला आल्या. बाळाच्या हातावर झबलं ठेवलं आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीनंतर तुम्ही हजर झालात तर जागा तुमची. पुढं तपासणी आहे. साहेबांनी तुमचा पाठ पाहिला आणि शेरा चांगला दिला, की कायम. नाही आलात, तर माझ्याकडे दुसरे अर्ज आहेत. मला वाईट वाटेल, पण वर्ग रिकामा ठेवता येत नाही."

त्या गेल्यावर मी बाळाकडे पाहिलं. ते मूठ चोखत होतं. त्याला माझ्या नोकरीबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं. आमच्या मालकीणबाई म्हणाल्या, "मूल झाल्यावर इंग्रजी कशाला लागतं गं?"

मी शोध सुरू केला. पलीकडच्या आळीत एक वयस्क बाई तान्ही मुलं सांभाळत. घर चकाचक, अंगणात सडा, तुळशीपुढं रांगोळी. भर सकाळी गेले, तर मुलं ओळीनं झोपलेली, एकाचंही हूं की चूं नाही. मला वाटलं, हेच. जाता जाता मी एका बाळाच्या तळव्यात बोट ठेवलं. तान्हं मूल झोपेतही बोट धरतं. ह्यानं मूठ मिटली नाही. बाई कौतुकानं म्हणाल्या, "माझ्याकडची सगळी शहाणी आहेत." मुलं निजावीत म्हणून अफूचा कण चाटवायची त्या काळी बऱ्याच घरांत पद्धत होती. मी नमस्कार केला आणि बाहेर पडले.

शेजारी एक मोठं कुटुंब होतं. तिथल्या वहिनी मनानं फार चांगल्या. म्हणाल्या, "आठात नववं, काय दिसून येतंय?" मला भीती होती ती तीच, की दिसून येणार नाही. आणि ते मी सांगायच्या आत त्यांच्या बकरीनं बाळाच्या दुपट्याचं एक टोक खाल्लं.

दिवाळी तोंडावर आली. एका सकाळी मासे घेऊन येणारी कोळीण पायरीवर बसून बोंबील साफ करत होती. मी बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते आणि बहुधा मोठ्यानं उसासत होते.

"काय झालं, बाई? पोट दुखतं तिचं का तुझं?"

मी सांगितलं.

"मंग आमच्या म्हाताऱ्याकडं ठेव की!" कोयता खाली ठेवून ती म्हणाली. "माझा सासरा. आमी बाजारात गेलो की बंदरातली समदी तान्ही पोरं त्याच्या पायाला बांधलेली असतात."

मला वाटलं, ही बोलायची रीत असेल.

ती बोलायची रीत नव्हती. त्याच संध्याकाळी तुमच्या आजोबांबरोबर मी पाचूबंदरला गेले, तेव्हा पाहिलं. पडवीच्या आढ्याला झोळ्या टांगलेल्या होत्या, जुन्या सुती जाळ्याच्या, आत गोधडीची घडी. प्रत्येक झोळीला एक दोरी, त्या सगळ्या दोऱ्या एका दोरीत गुंफलेल्या, आणि त्या दोरीचं टोक तांडेलांच्या पायाच्या अंगठ्याला. हात जाळं विणत, अंगठा हले, आणि सगळ्या झोळ्या एकदम झुलत. जाळ्याच्या भोकांतून मुलांची बोटं बाहेर आलेली. म्हातारा डुलकी घेई तेव्हा अंगठा थांबे, अंगठा थांबला की सगळी मुलं एकसुरात रडत, आणि तो जागा होई.

"दुसरं घड्याळ कशाला पायजे?" ते मला नंतर एकदा म्हणाले.

मी घरून प्रश्न ठरवून नेले होते. दूध कुणाचं देता? ताप आला तर? झोपायला काही चाटवत नाही ना? त्यांनी मला एकही विचारू दिला नाही.

"तू मास्तरीन ना? पोरीला आन इकडं."

बाळाचं डोकं हुंगलं. तळपाय दाबून पाहिले. मग हुकूम सोडला, "हिला रडव."

"अहो, पण का?"

"न रडनारं पोर मी घेत नाय. होडीत गप माणूस असला की धोका. पान्यात पडला तरी कळत नाय."

स्वतःच्या मुलीला मुद्दाम कसं रडवायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. तुमच्या आजोबांनी एक भीतीदायक चेहरा करून पाहिला. बाळ खुदकन हसलं. शेवटी तांडेलांनीच टोपी काढून तिच्यावर "होऽऽ" केलं, तशी तिनं जो सूर लावला तो किल्ल्यापर्यंत गेला असेल. म्हातारा खूश झाला. "बास! वाऱ्यात ऐकू येईल. हाय उधानाचं पोर."

त्यांच्या लेखी मुलं दोनच जातींची. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला जोराची भरती येते ते उधाण. मधल्या दिवसांत पाणी मंद असतं तो भांग. रडकी, नाचरी, हातपाय झाडणारी ती उधाणाची. सुस्त, झोपाळू ती भांगाची. वडील, आई, कूळ, धर्म ह्यांतलं काही ते विचारत नसत.

विचारलं ते एकच. घरातून तांब्याभर पाणी मागवलं आणि माझ्यासमोर धरलं.

"आमच्या घरचं पानी पिशील?"

हे तुम्हाला समजणार नाही, म्हणून सांगते. आमच्या घरात त्यांच्या सुनेनं आणलेले मासे चालत, त्यांच्या माठातलं पाणी चालत नसे. असा तो काळ होता, आणि आम्ही शिकलेली माणसंही त्यातच राहत होतो. म्हातारा तांब्या धरून बसला होता. आवाज प्रथमच खाली आला होता. "जिच्या घशाखाली आमचं पानी उतरत नाय, तिचं पोर मी ठेवीत नाय. उद्या पोर आमचं पानी पिईल, आनि आई घरी नेऊन तिला धूत बसेल. त्यात पोराचं काय भलं?"

मी पाणी प्यायले. पाणी किंचित मचूळ होतं, तिथल्या विहिरीचं. मी तांब्या तुमच्या आजोबांकडे दिला आणि त्यांनी उरलेलं सगळं संपवलं. कॅमेरे नसलेल्या त्या पाळणाघराची निवड आम्ही केली ती अशी. तसं पाहिलं तर आमचीच निवड झाली.

निघताना ते म्हणाले, "आनि एक. पोर आनायचं ते भरतीत. ओहोटीत मी मूल घेत नाय."

"म्हणजे?"

"होडी बंदरात शिरते ती भरतीत. ओहोटीत शिरली तर गाळात रुतते. पोराचं तेच. ओहोटीत आनलं तर दिवसभर रुतून रडतं."

मला हे मजेदार वाटलं. हा नियम आजवर कुणालाच अडला नव्हता. पाचूबंदरचं सगळंच भरतीवर चाले. होड्या भरतीत येत, बायका मासे उतरवून घेत, पोरं झोळीत टाकत आणि पाट्या घेऊन बाजाराला जात. घड्याळावर चालणारी पहिली आई मीच.

पहिला आठवडा सुरळीत गेला. शाळा सुरू झाली तेव्हा पौर्णिमा जवळ होती, आणि त्या दिवसांत सकाळभर भरती असते. मी दहाच्या सुमारास बाळाला देत असे आणि अकराच्या घंटेला वर्गात असे. संध्याकाळी परत न्यायला जाई तेव्हा पाणी चढतं आहे की उतरतं ह्याची त्यांना फिकीर नसे. "न्यायला कधीबी ये. आनायचंच बघून."

तुमच्या आईचं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. मुलांना ते माशांच्या नावांनी हाक मारत. गोल तोंडाचा एक होता तो पापलेट, लांबुडका तो बोंबील, आणि चिखलात सुटल्यासारखी वळवळणारी एक पोरगी होती ती निवटी. तुमची आई मांदेली. मांदेली म्हणजे बोटभर लांबीची, सोनेरी अंगाची, स्वस्तातली मासळी. पुढं ती डॉक्टर झाली, तिच्या दारावर पितळी पाटी लागली, तरी ती पाटी वाचताना माझ्या डोक्यात मांदेली हेच यायचं.

गाणं त्यांना एकच येई, देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, लॅटिन. त्याचा अर्थ, 'आमच्यासाठी प्रार्थना कर', त्यांना माहीत नव्हता आणि चालही त्यांनी बदलून टाकली होती. वल्ही मारताना खलाशी ज्या ठेक्यावर आवाज देतात त्या ठेक्यावर ते "ओरा प्रो नोबीस, हैय्या" असं म्हणत. पाद्री एकदा येऊन ऐकून गेले. म्हणाले, "तांडेल, हैय्या आपल्या प्रार्थनेत नाही." म्हातारा म्हणाला, "फादर, तुमची पोरं देवळात जागी ऱ्हावीत म्हनून तुमी गाता. माझी झोपावीत म्हनून मी गातो." तुमच्या आईचा पहिला शब्द आई नव्हता, बाबाही नव्हता. तिनं "नोबी, नोबी" म्हटलं आणि तुमचे आजोबा दोन दिवस गप्प होते.

त्यांची मतं सगळी बरोबर होती असं मुळीच नाही. आगगाडीची शिट्टी ऐकली की आईचं दूध आटतं, असं ते शपथेवर सांगत. समुद्राकडे पाठ केलेलं पोर आळशी होतं म्हणून सगळ्या झोळ्यांची तोंडं खाडीकडे. दात येण्याचा आणि कोंबड्याच्या आरवण्याचा त्यांनी काही संबंध लावला होता, तो मला शेवटपर्यंत कळला नाही. पण दूध उकळून, बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या वाटीनं, सावकाश पाजत. घाई केली नाही कधी. दुपारी बाजारातून लवकर परतलेली एखादी कोळीण आपल्या पोराबरोबर दुसऱ्यालाही पदराखाली घेई. तुमची आई अशी बऱ्याच जणींचं दूध प्यायली आहे. त्यांची नावं मला माहीत नाहीत.

आता अष्टमीचा दिवस.

पौर्णिमा सरली तशी भरतीची वेळ रोज पुढं सरकत गेली. अष्टमीच्या आसपास असं होतं, की पहाटे भरती संपते आणि मग दुपारपर्यंत ओहोटी. आणि शाळेची तपासणी नेमकी अष्टमीला आली. त्या दिवशी शाळा सकाळची, साहेब आठला येणार. पहिलाच पाठ माझा.

मी ठरवलं, की अंधारातच निघायचं आणि उजाडता बाळाला पोचवायचं. सगळं काढून ठेवलं होतं: इस्त्रीची पांढरी साडी, पुस्तक, खडू. पण निघताना तुमच्या आईनं खांद्यावर दूध ओकलं. साडी बदलली. दुसऱ्या साडीवरही ओकली. तिसरी नेसून मी धावत निघाले. बंदरावर पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. खाडी काठोकाठ भरलेली होती. मला हायसं वाटलं.

तांडेल पडवीत उभे होते. त्यांनी हात पुढं केला नाही.

"मास्तरीन, उशीर केलास. ओहोटी लागली."

"अहो, पाणी भरलेलं आहे की समोर!"

"भरलंय, पन चाललंय. होड्यांची तोंडं बग."

मी पाहिलं. नांगरलेली होडी पाणी येतं तिकडे तोंड करून राहते. भरतीत सगळ्या होड्या समुद्राकडे बघत असतात. आता त्या एकामागून एक वळून गावाकडे बघत होत्या.

मी विनवलं. तपासणी सांगितली, जागा कायम व्हायची सांगितली. मला वाटतं माझा आवाज रडवेला झाला असावा. आतून त्यांची सून बाहेर आली. त्या दिवशी तिला बाजाराला उशीर झाला होता. ती सासऱ्यावर ओरडली, "अहो बाबा, घ्या ना पोरीला! बाईची नोकरी जाईल!"

"जाऊ दे. पोर रुतलं तर नोकरीनं निघतं काय?"

"तुमचंच डोस्कं रुतलंय!"

"रुतू दे. तांडेल मी हाय."

आठला साहेब. मला चालत अर्ध्या तासाची वाट होती. बाळाला घेऊन शाळेत जाणं म्हणजे मालकीणबाई आणि दुसरे अर्ज, दोघांना एकदम खरं ठरवणं. मी पाण्याकडे बघत उभी राहिले. आणि मला ती होडी दिसली.

काठाजवळच, गाळात बसलेली, छोटी, रंग उडालेली. बाकीच्या सगळ्या गावाकडे वळल्या होत्या. ही समुद्राकडेच तोंड करून होती.

"तांडेल, ती होडी वळली नाही."

"ती नाय वळत. ती माझी. गाळात बसलीय, उधानातबी हालत नाय."

"म्हणजे ती कायम समुद्राकडेच बघते?"

"कायम."

"मग तिच्यापुरती तर कायमच भरती."

सून पदर तोंडावर धरून हसायला लागली. तांडेलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. होड्यांकडे पाहिलं. आपल्या होडीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ती त्यांनी गुडघे गेल्यावरही विकली नव्हती. पुष्कळांनी मागितली होती, असं सुनेनं मला पूर्वी सांगितलं होतं.

"शिकलेल्या बाया वाईट," ते शेवटी म्हणाले. "जा. होडीत नेऊन ठेव तिला. होडीतनं मी घेईन. पन होडीतनंच."

आणि मी, तिसऱ्या साडीसकट, गुडघाभर पाण्यात उतरले. पाय गाळात जात होते. बाळाला डोक्याच्या वर धरलं होतं. होडीत ठेवली, तेव्हा ती आकाशाकडे बघून हात हलवत होती. मागून तांडेल आले, त्या गेलेल्या गुडघ्यांनी, सुनेचा खांदा धरून, प्रत्येक पावलाला कुणाला तरी शिव्या घालत. त्यांनी बाळाला होडीतून उचललं, हुंगलं आणि आरोळी ठोकली, जणू सगळ्या बंदराला कळवायचं होतं, "मांदेली आली! भरतीत आली!"

मी धावत शाळेत पोचले. साडी गुडघ्यापर्यंत ओली, काठाला काळा गाळ, अंगाला खाडीचा वास. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. तपासणीसाहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या कोरड्या ठणठणीत मैदानाकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, की बाहेर पाऊस आहे का. मी म्हटलं, "नाही सर, ओहोटी आहे." मुली खो खो हसल्या. साहेबही हसले, आणि त्यानंतर पाठ इतका रंगला, की घंटा झालेली कुणाला कळली नाही. महिन्याभरानं मी कायम झाले.

त्या दिवसापासून पाचूबंदरला एक नवी चाल पडली. ओहोटीच्या सकाळी मास्तरीन मुलीला होडीतून देते. अष्टमी आली की मी जुनी साडी नेसून जाई आणि चांगली साडी त्यांच्या सुनेकडे ठेवलेली असे, ती बदलून शाळेत. दहापर्यंत पाणी ओसरलेलं असायचं, मग नुसता गाळ तुडवायचा. काही दिवसांनी मी पाहिलं, की इतर कोळिणीही उशीर झाला की पोर होडीत नेऊन ठेवत आणि लांबूनच ओरडत, "बाबा, भरती आलीय!" म्हातारा कुरकुरत उठे. माझ्यावर डोळे वटारून म्हणे, "तू बिघडवलंस समदं बंदर." पण होडीच्या तळाशी त्यांनी नवी गोधडी अंथरून ठेवली होती.

तुमची आई धरून धरून चालायला लागली त्या आठवड्यात तांडेल म्हणाले, "आता ने हिला. चालनारं पोर मी ठेवत नाय. ते पान्याकडंच जातं."

मी दुसरी सोय पाहिली. मुलगी मोठी झाली की सोय लवकर मिळते. शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला न्यायला गेले. मी हात पुढं केला. त्यांनी मुलगी दिली नाही.

"बस. भरती हाय अजून."

"तुम्हीच म्हणता ना, न्यायला कधीही ये?"

"ते रोजचं नेनं. हे कायमचं. बाहेर जायची होडी ओहोटीत जाते, मास्तरीन. पान्यानं ओढून न्यायला पायजे."

मी बसले. सुनेनं पाणी आणून दिलं, ते मचूळ पाणी. तुमची आई त्यांची टोपी ओढत होती आणि ते ओढू देत होते. बाकीच्या झोळ्या हलत होत्या. कधीतरी पहिली होडी आडवी झाली, मग दुसरी. सगळ्या गावाकडे वळल्या, तेव्हा त्यांनी मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं, दोरीतून तिची झोळी सोडवली, घडी करून माझ्या पिशवीत कोंबली आणि पुन्हा जाळं विणायला घेतलं.

"जा आता," ते म्हणाले. "पानी चांगलं हाय."

त्यानंतरही मी जात असे, कधी मासे आणायला म्हणून, कधी नुसतीच. ते गेले तेव्हा तुमची आई शाळेत दुसरीत होती. त्यांची होडी पुढं एका मोठ्या उधाणात फळी फळी होऊन गेली. पडवी पाडून तिथं पक्कं घर झालं आहे.

झोळी आहे. सुती जाळं आहे, त्यामुळे रंग गेला, पण एकही गाठ सुटलेली नाही. तुमच्या आईनंतर तुमचा मामा त्यात झुलला आणि नंतर तुम्हीही, सुट्टीत आलात तेव्हा. गेली पुष्कळ वर्षं ती स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली आहे आणि मी तिच्यात कांदे ठेवते. काल कांदे काढून ती धुतली आणि गच्चीत वाळत घातली आहे.